मुंबईच्या चुंबकसूचीचा राखणदार

रविवार, ४ फेब्रुवारी १८७२. सूर्य मावळून बराच वेळ झाला, तरी मुंबईच्या आकाशातील उजेड मावळला नाही. तो रंग बदलत राहिला, मध्यरात्रीनंतर अधिक गडद झाला आणि पहाटेपर्यंत दिसत राहिला. गाव पेटले की काय, असे वाटण्याजोगाच तो देखावा होता. त्याच वेळी मुंबईहून एडनकडे समुद्राखालून गेलेल्या तारेवरचे संदेश अडखळू लागले आणि काही तास तारायंत्राचे काम विस्कळीत झाले. नॉर्वे, आइसलँड, कॅनडा अशा उत्तरेच्या देशांतच दिसणारा ध्रुवीय प्रकाश त्या रात्री विषुववृत्तापासून अवघ्या १९ अंशांवरील मुंबईत अवतरला होता. मुंबईच्या वर्तमानपत्रातही त्याची बातमी छापून आली.

शहराच्या दक्षिण टोकाला कुलाब्याच्या वेधशाळेत टांगलेली चुंबके त्या रात्री जागेवरून ढळली. ती किती ढळली, याची नोंद झाली आणि ती नोंद आजही उपलब्ध आहे. त्या वेळी मुंबईतील एका पारशी कुटुंबातला नानाभॉय नावाचा मुलगा बारा वर्षांचा होता. पुढे चोवीस वर्षांनी हीच वेधशाळा त्याच्या हाती आली. शहराच्या प्रगतीपुढे तिच्या नोंदींची साखळी तुटण्याची वेळ आली, तेव्हा ती तुटू न देण्याचे काम त्याने केले. नानाभॉय आर्देशिर फ्रामजी मूस यांचे नाव आज मुंबईकरांच्या फारसे स्मरणात नाही. सूर्यावरील वादळांचा अभ्यास करणारे जगभरचे शास्त्रज्ञ मात्र त्यांनी राखलेल्या आकड्यांचा आधार अजूनही घेतात.

वेधशाळा आणि तिचे वादळ

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली स्थापन केली. बंदरात येणाऱ्या जहाजांना अचूक वेळ मिळावी, हा तिचा मूळ हेतू. खोल समुद्रात रेखांश काढण्यासाठी जहाजावरचे घड्याळ बिनचूक असावे लागे. ते लावून घेण्याची सोय बंदरावर असणे ही व्यापाराची गरज होती. १८४१ पासून वेधशाळेच्या कामाला नवी दिशा मिळाली. जर्मनीत गाउस आणि वेबर यांनी पृथ्वीच्या चुंबकत्वाची जगभर एकाच वेळी मोजणी करण्याची मोहीम उभारली होती. ब्रिटिश साम्राज्यातील वेधशाळा तीत सामील झाल्या, त्यांत कुलाबाही होती.

या कामात मराठी माणसे आरंभापासून होती. एल्फिन्स्टन संस्थेतील प्राध्यापक ऑर्लिबार यांच्या हाताखाली केरो लक्ष्मण छत्रे १८४० साली वेधशाळेत दाखल झाले, तेव्हा त्यांचे वय जेमतेम सोळा वर्षांचे होते. पुढे पुण्यात लोकमान्य टिळकांचे गणिताचे गुरू म्हणून नावाजलेले केरूनाना ते हेच. मराठी वृत्तपत्रसृष्टीचे जनक बाळशास्त्री जांभेकर यांनीही काही काळ वेधशाळेचे काम पाहिले. चुंबकाजवळ बसून ठरावीक वेळी दुर्बिणीतून मोजपट्टीवरचा आकडा वाचायचा आणि तो वहीत लिहायचा, असे ते काम होते. त्यात रात्र-दिवस, सण-सुतक किंवा मुंबईचा मुसळधार पाऊस यांपैकी कशाचीही सवलत नव्हती. १८४६ पासून या नोंदी सलग मिळतात.

या चिकाटीचे चीज १८५९ साली झाले, पण ते समजायला जवळजवळ दीडशे वर्षे लागली. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमधील हौशी खगोल अभ्यासक रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरील डागांचे चित्र काढत होते. तेव्हा डागांच्या एका समूहावर काही मिनिटे डोळे दिपवणारा प्रकाश चमकताना त्यांना दिसला. त्यानंतर सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ येऊन आदळले. युरोप-अमेरिकेतील तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या. उष्ण कटिबंधातही ध्रुवीय प्रकाश दिसला. मुंबईत त्या वेळी २ सप्टेंबरचा दिवस उजाडलेला होता, त्यामुळे आकाशात काही दिसणे शक्य नव्हते. कुलाब्याच्या नोंदवहीत मात्र चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक दुपारच्या आत सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली आल्याचे लिहिले गेले. नेहमीच्या मानाने ही घट चार टक्क्यांहून अधिक होती. वादळ ओळखून निरीक्षकांनी तासाची वाट न पाहता काही मिनिटांच्या अंतराने आकडे टिपले होते. नानाभॉय मूस यांचा जन्म त्याच वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यातला. आयुष्यभर ज्याच्या वारशाची राखण करायची, ते महावादळ त्यांच्या जन्माच्या आधी काही आठवडे होऊन गेले होते.

अभियंता ते संचालक

मूस यांचे शिक्षण मुंबईत आणि पुढे पुण्याच्या सायन्स कॉलेजात झाले. स्थापत्य अभियांत्रिकीची एलसीई ही पदवी त्यांनी मिळवली. त्या काळी ही पदवी घेणाऱ्या तरुणाला सरकारी बांधकाम खात्याची वाट मोकळी असे. मूस यांनी मात्र स्कॉटलंडमधील एडिंबरा विद्यापीठ गाठले आणि विज्ञानाची पदवी घेतली. परतल्यावर एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांनी विज्ञानाचे अध्यापन केले. अभियंत्याचा काटेकोरपणा आणि भौतिकशास्त्रज्ञाची जिज्ञासा या दोन्हींची गरज भासेल, अशी जबाबदारी पुढे त्यांची वाट पाहत होती.

१८९६ साली वेधशाळेचे प्रमुख चार्ल्स चेंबर्स यांचे निधन झाले. त्यांच्या जागी मूस यांची नेमणूक झाली. कायमस्वरूपी संचालकपद मिळालेले ते पहिले भारतीय. शास्त्रीय खात्यांतील वरिष्ठ जागा बहुधा इंग्रजांसाठीच राखलेल्या असत, त्या काळातील ही नेमणूक होती. त्याच वर्षी मुंबईत प्लेगची साथ उद्भवली आणि शहरातून लोकांचे लोंढे बाहेर पडू लागले. वेधशाळेच्या नोंदी मात्र त्या धामधुमीतही सुरू राहिल्या.

वेधशाळेचे काम बहुविध होते. बंदराला वेळ पुरवणे, पाऊस-वारा-तापमान यांची मोजणी करणे आणि चुंबकीय नोंदी ठेवणे हे तर होतेच. १८९७ साली आसाम भूकंपाने हादरला, त्यानंतरच्या काळात भूकंपमापनाचीही जोड मिळाली. आज मुंबईकर मोसमी पावसाचे आकडे पाहताना कुलाब्याचे नाव घेतात, त्या परंपरेचाही हा भाग आहे. पण मूस यांचे मन रमले ते चुंबकीय नोंदींत.

तोवर नोंद घेण्याची पद्धत बदलली होती. १८७०च्या दशकापासून दुर्बिणीजवळ बसून आकडे वाचण्याच्या जोडीला छायाचित्रणाचे तंत्र आले. अंधाऱ्या खोलीत बारीक धाग्याला चुंबक टांगलेले असे आणि त्याला छोटा आरसा चिकटवलेला असे. दिव्याची तिरीप त्या आरशावरून परावर्तित होऊन प्रकाशसंवेदी कागदावर पडे. हा कागद घड्याळाच्या यंत्रावर फिरणाऱ्या नळकांड्याला गुंडाळलेला असे. चुंबक केसाएवढे हलले, तरी प्रकाशाचा ठिपका कागदावर सरके. दिवसाअखेर कागद धुतला, की गेल्या चोवीस तासांची वळणदार रेषा समोर येई. शांत दिवशी ती रेषा सकाळी हळूच चढे, दुपारी उतरे आणि रात्री सपाट होई. वादळाच्या दिवशी ती अचानक उसळी घेई, मग खोल दरीत कोसळे आणि सावरायला तिला दोन-तीन दिवस लागत.

बारामती-इंदापूरहून काय दिसते?

या वादळांचे मूळ सूर्यावर आहे. सूर्याच्या बाह्य वातावरणातून विद्युतभारित कणांचा झोत सतत बाहेर पडत असतो. कधी कधी तेथे मोठा उद्रेक होतो आणि अब्जावधी टन वजनाचा कणांचा लोट पृथ्वीच्या दिशेने येतो. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र त्याला थोपवते, परंतु त्यातील काही ऊर्जा आत शिरते. ध्रुवांजवळ हे कण वातावरणात उतरतात, तेथील ऑक्सिजन आणि नायट्रोजन यांना चेतवतात आणि हिरवा, तांबडा, जांभळा प्रकाश दिसू लागतो. हाच ध्रुवीय प्रकाश.

सूर्याचे हे बाह्य वातावरण, म्हणजेच प्रभामंडळ, एरवी डोळ्यांना दिसत नाही. ते केवळ खग्रास सूर्यग्रहणात दिसते. मूस संचालक झाल्यानंतर दोनच वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ रोजी, असे ग्रहण महाराष्ट्रातून दिसले. इंदापूरपासून जवळच, भीमेच्या पलीकडे असलेल्या जेऊर या रेल्वेच्या गावाबाहेर तेव्हा शास्त्रज्ञांच्या छावण्या पडल्या होत्या. पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नेगमवाला तेथे होते आणि अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही आले होते. जेथून चुंबकीय वादळे निघतात, त्या प्रभामंडळाची छायाचित्रे जेऊरच्या माळावरून घेतली गेली. त्याच वादळांचे पृथ्वीवरील पडसाद मूस कुलाब्यात टिपत होते. या दोहोंतील दुवा स्पष्ट व्हायला मात्र आणखी काही दशके जावी लागली.

बारामती, इंदापूर आणि अलिबाग ही गावे जवळजवळ एकाच अक्षांशाच्या पट्ट्यात येतात. भूचुंबकीय गणिताने पाहिले तर हा पट्टा सुमारे दहा अंशांवर आहे. येथून ध्रुवीय प्रकाश दिसण्याचा योग १८७२ सारखा क्वचितच यावा. पण आकाशात काही दिसले नाही, म्हणजे वादळ आले नाही, असे नसते. वादळाच्या काळात पृथ्वीभोवती, विषुववृत्ताच्या वर हजारो किलोमीटर उंचीवर, विद्युतप्रवाहाचे प्रचंड कडे तयार होते. त्याच्या परिणामाने जमिनीवरील चुंबकीय क्षेत्र कमी होते. हे कडे मोजण्यासाठी ध्रुवाजवळची ठिकाणे सोयीची नसतात, कारण तेथे ध्रुवीय प्रकाशाबरोबर वाहणाऱ्या प्रवाहांचा गोंधळ फार असतो. ऐन विषुववृत्तावर वेगळा गोंधळ असतो. या दोहोंपासून दूर असलेला मुंबईचा पट्टा त्यासाठी उत्तम. प्रकाश पाहण्याच्या दृष्टीने जे ठिकाण अभागी, तेच वादळाची खोली मोजण्याच्या दृष्टीने भाग्याचे ठरले.

ट्राम आली दारात

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई झपाट्याने बदलत होती. १८७४ पासून रस्त्यांवर घोड्यांच्या ट्रामगाड्या धावत होत्या. आता त्या विजेवर चालवण्याचा विचार पुढे आला. वाढत्या शहराला वेगवान आणि स्वस्त वाहतूक हवी होती, याविषयी दुमत असण्याचे कारण नव्हते. चुंबकीय वेधशाळेसाठी मात्र ही बातमी मृत्युघंटेसारखी होती. विजेची ट्राम डोक्यावरील तारेतून वीज घेते आणि तो प्रवाह रुळांवाटे परत जातो. रुळांतून त्याचा काही भाग जमिनीत झिरपतो आणि मैलोन्‌मैल पसरतो. या प्रवाहाचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र असते. प्रत्येक ट्राम सुरू होताना आणि थांबताना वेधशाळेतील चुंबक थरथरले असते, आणि सूर्याची हालचाल कोणती नि ट्रामची कोणती, हे सांगणे अशक्य झाले असते.

ही अडचण केवळ मुंबईची नव्हती. कॅनडात टोरांटोच्या वेधशाळेला याच कारणाने १८९८ साली शहराबाहेर अजिनकोर्टला जावे लागले होते. लंडनजवळच्या क्यू येथील चुंबकीय कामही पुढे स्कॉटलंडमधील एस्कडेलम्यूरला हलवावे लागले. ट्राम अडवून धरणे मुंबईच्या हिताचे नव्हते आणि वेधशाळेच्या हातातही नव्हते. कुलाबा सोडल्यावाचून गत्यंतर नव्हते.

परंतु नुसते स्थलांतर पुरेसे नव्हते. चुंबकीय क्षेत्र दर ठिकाणी थोडे वेगळे असते. १८४६ पासून चालत आलेल्या नोंदी कुलाब्यात संपल्या आणि नव्या ठिकाणी दुसऱ्या आकड्यांनी सुरू झाल्या, तर दोन्हींचा सांधा जुळणार नाही. चुंबकीय क्षेत्रातील काही बदल दशकानुदशके चालतात आणि सूर्याचे डागांचे चक्र अकरा वर्षांचे असते. अशा बदलांचा माग काढायचा, तर मालिका लांब आणि सलग असावी लागते. मधोमध तुटलेली साठ वर्षांची मालिका म्हणजे दोन अपुऱ्या मालिका. मूस यांच्यापुढील खरा प्रश्न हा होता.

नव्या जागेचा शोध घेताना त्यांनी अनेक बाबींचा विचार केला. जागा मुंबईपासून दूर हवी, पण फार दूर नको, म्हणजे कुलाब्याच्या नोंदींशी तिचे नाते टिकेल. तेथे विजेची ट्राम किंवा रेल्वे लवकर येण्याचा संभव नसावा. जमिनीची घडण आणि हवामान कुलाब्याशी मिळतेजुळते असावे. निवड झाली ती अलिबागची. मुंबईच्या दक्षिणेस सुमारे तीस किलोमीटरवरील हे समुद्रकाठचे गाव तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचे ठाणे होते. मुंबईतील कुलाब्याहून निघालेली चुंबके अशा रीतीने दुसऱ्या कुलाब्यात, आंग्र्यांच्या कुलाबा किल्ल्याच्या शेजारी येऊन विसावली.

लोखंडाला मज्जाव

अलिबागची इमारत उभी करताना मूस यांच्यातील अभियंता कामाला आला. चुंबकीय वेधशाळेत लोखंडाचा साधा खिळाही चालत नाही. कोकणात आणि घाटावर घरे बांधायला सर्रास वापरला जाणारा काळा दगड येथे निरुपयोगी होता, कारण बेसाल्टच्या या खडकात लोहाचे चुंबकीय कण असतात. सह्याद्रीच्या कुशीत सह्याद्रीचाच दगड वर्ज्य, असा हा विचित्र प्रसंग होता. त्यामुळे काठेवाडातून पोरबंदरचा चुनखडीयुक्त दगड आणण्यात आला. बिजागऱ्या, कड्या, खिळे यांसाठी लोखंडाऐवजी पितळ आणि तांबे यांचा वापर झाला.

दुसरा शत्रू उष्णता हा होता. तापमान बदलले की चुंबकाची शक्ती किंचित बदलते आणि नोंदीत खोटी चढउतार दिसते. त्यासाठी खोलीत खोली अशी दुहेरी भिंतींची रचना करण्यात आली. बाहेर कोकणातील ऊन तापले किंवा पाऊस कोसळला, तरी आतील हवेला त्याची फारशी कल्पना येत नसे. मुंबईच्या धावपळीतून दूर आलेल्या चुंबकांना असे शांत, अंधारे आणि समशीतोष्ण घर मिळाले.

१९०४ साली अलिबागला नोंदी सुरू झाल्या. कुलाब्याच्या नोंदी मात्र लगेच बंद करण्यात आल्या नाहीत. सुमारे दोन वर्षे, १९०६ पर्यंत, दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी चालू ठेवली गेली. एकाच वादळाच्या, एकाच शांत दिवसाच्या, एकाच तासाच्या दोन नोंदी शेजारी ठेवून त्यांतील फरक काढता आला. हा फरक ठाऊक झाल्यावर कुलाब्याची जुनी मालिका अलिबागच्या नव्या मालिकेला बिनचूक जोडता येते. सुताराने दोन फळ्यांचा सांधा बसवताना एकीचे टोक दुसरीवर चढवावे, तसा हा प्रकार. दुप्पट खर्च आणि दुप्पट मेहनत घेऊन केलेला हा सांधा म्हणजे मूस यांच्या कारकिर्दीतील सर्वांत दूरदृष्टीची गोष्ट म्हणावी लागेल. ७ मे १९०७ रोजी मुंबईच्या रस्त्यावर विजेची पहिली ट्राम धावली. तोवर चुंबकांचे बिऱ्हाड सुखरूप हलले होते.

या स्थलांतराच्या गडबडीतच ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी एक मोठे चुंबकीय वादळ आले. त्याची नोंद कुलाब्याने घेतली. अलीकडे शास्त्रज्ञांनी त्या वादळाची तीव्रता नव्याने मोजली. तेव्हा जगभरच्या ज्या मोजक्या वेधशाळांचे आकडे त्यांच्या उपयोगी पडले, त्यांत कुलाबा होती.

साठ वर्षांची बेरीज

१९१० साली मूस यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांतील कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी आणि त्यांची मीमांसा असे त्याचे दोन भाग होते. पहिल्यात उपकरणे आणि आकडे, दुसऱ्यात त्यांचा अर्थ. तासाला एक असे धरले, तरी साठ वर्षांत चुंबकीय क्षेत्राच्या एकेका घटकाचे पाच लाखांहून अधिक आकडे होतात. संगणक तर दूरच, साधे गणनयंत्रही दुर्मीळ असण्याचा तो काळ. बेरजा, सरासऱ्या आणि तक्ते हे सारे माणसांनी हाताने केले. उपकरणे बदलली, माणसे बदलली, मोजण्याच्या पद्धती बदलल्या. त्या प्रत्येक बदलामुळे आकड्यांत शिरलेला दोष शोधून दुरुस्त करावा लागला.

या परिश्रमातून चुंबकीय क्षेत्राची दैनंदिन, वार्षिक आणि दीर्घकालीन स्पंदने उलगडली. सूर्यावरील डाग वाढले, की रोजची चढउतारही वाढते, हे आकड्यांनी दिसले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मूस यांनी वादळांकडे पाहण्याची एक रीत वापरली. प्रत्येक वादळ वेगळे दिसते. पण अनेक वादळांचा आरंभ एकाच रेषेवर आणून त्यांची सरासरी काढली, तर त्यांचा समान स्वभाव पुढे येतो. आधी अल्पकाळ किंचित वाढ, मग अनेक तासांची मोठी घसरण आणि त्यानंतर काही दिवस रेंगाळणारी सावकाश भरपाई. ब्रिटिश शास्त्रज्ञ सिडनी चॅपमन यांनी पुढे चुंबकीय वादळांचा सिद्धांत मांडला, तेव्हा मूस यांच्या या कामाचा त्यांना उपयोग झाला. आजही वादळाचे वर्णन याच तीन अवस्थांत केले जाते.

अवकाशाची शीळ

मूस आपल्या कागदांवर डोळ्यांनी जे पाहत होते, ते त्याच सुमारास दुसरीकडे काही माणसे कानांनी ऐकत होती, तीही न कळत. १८९४ साली मार्चअखेर आकाशात ध्रुवीय प्रकाश फाकलेला असताना ब्रिटनमधील तारखात्याच्या लोकांना टेलिफोनच्या लांब तारांतून चमत्कारिक आवाज ऐकू आले. पहिल्या महायुद्धात जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिश बार्कहाउझेन शत्रूच्या टेलिफोनवरील बोलणे चोरून ऐकण्याच्या कामावर होते. त्यांच्या कानी वरच्या पट्टीतून खाली उतरत जाणाऱ्या शिळा पडल्या.

अवकाशात हवा नसल्याने ध्वनी प्रवास करू शकत नाही. तारांमधून आले होते ते रेडिओतरंग. त्यांची कंपनसंख्या आपल्या कानांच्या टप्प्यातली असल्याने टेलिफोनने त्यांचा ध्वनी केला, इतकेच. १९५३ साली केंब्रिजमध्ये ओवेन स्टोरी यांनी शिळांचे कोडे सोडवले. वीज कडाडली, की निर्माण झालेले काही तरंग पृथ्वीच्या चुंबकीय रेषा धरून अवकाशात जातात आणि दुसऱ्या गोलार्धात उतरतात. वाटेत उच्च स्वर पुढे निघून जातात, खालचे मागे राहतात, म्हणून उतरती शीळ ऐकू येते. चुंबकीय वादळाच्या वेळी पहाटेच्या पाखरांच्या किलबिलाटासारखे आवाजही येतात. लांब तार, साधे ध्वनिवर्धक आणि विजेच्या तारांपासून दूरची जागा एवढ्यावर जगभरचे हौशी लोक ते ऐकतात. त्यांनाही अडथळा होतो तो शहरातील विजेचाच. मूस यांना मुंबई सोडायला लावणारे कारण आणि या श्रोत्यांना रानात जायला लावणारे कारण एकच आहे.

वारसा

मूस १९१९ साली निवृत्त झाले. जवळजवळ तेवीस वर्षे त्यांनी वेधशाळेची धुरा वाहिली. १९३६ साली त्यांचे निधन झाले. सूर्याकडून येणाऱ्या कणांचा झोत, पृथ्वीभोवतीचे विद्युतप्रवाहाचे कडे यांचे आजचे ज्ञान पूर्णपणे आकाराला येण्यापूर्वीच ते गेले. आपण जमवलेल्या आकड्यांचा अखेरचा अर्थ त्यांना पाहता आला नाही. वेधशाळेतील कामाचा हा धर्मच असतो. मोजणारा एक असतो आणि ते मोजमाप ज्याच्या उपयोगी पडते, तो अनेकदा पुढच्या पिढीतला असतो.

स्वातंत्र्यानंतर कुलाबा आणि अलिबागचे काम भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आले. १९७१ साली ती स्वायत्त संस्था झाली आणि पुढे नवी मुंबईत नव्या पनवेल परिसरात गेली. २००३ साली या संस्थेतील आणि परदेशांतील शास्त्रज्ञांनी मिळून १८५९ च्या कुलाब्याच्या नोंदी पुन्हा बाहेर काढल्या. त्या महावादळाची घसरण नीट टिपली गेल्याची जगात उपलब्ध असलेली नोंद मुख्यतः हीच, हे त्यातून पुढे आले. १८७२ च्या वादळाचाही असाच नव्याने अभ्यास झाला. दोन्ही वेळा मुंबईच्या जुन्या वह्या मदतीला आल्या.

या आकड्यांचे महत्त्व आता केवळ शास्त्रीय कुतूहलापुरते राहिलेले नाही. १३ मार्च १९८९ रोजी आलेल्या वादळाने कॅनडातील क्विबेक प्रांताचा वीजपुरवठा सुमारे नऊ तास बंद पाडला. त्या वादळाची घसरण जागतिक मोजमापात सहाशे नॅनोटेस्लांच्या आत होती. मे २०२४ मधील वादळाची त्याहूनही कमी, चारशेच्या आसपास होती. तरीही त्या रात्री लडाखमधील हानले येथून आकाश तांबडे झालेले दिसले. १८५९ साली मुंबईत झालेली घसरण या दोहोंपेक्षा खूपच अधिक होती. तसे वादळ आज आले, तर उपग्रह, विमानांचे मार्ग, मोबाइलचे जाळे आणि वीजवाहिन्या यांचे काय होईल, याचा अंदाज बांधताना अभियंते ज्या आकड्यापासून सुरुवात करतात, त्यात कुलाब्याची ती नोंद असते.

अलिबागच्या किनाऱ्यावर शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या पर्यटकांची गर्दी असते. भरती-ओहोटीचा अंदाज घेत लोक कुलाबा किल्ल्याकडे जातात, घोडागाडीत बसतात, नारळपाणी पितात. तेथून जवळच मूस यांनी निवडलेल्या आवारात चुंबकीय नोंदी आजही घेतल्या जातात. उपकरणे आता विद्युत्‌काटेकोर झाली आहेत आणि आकडे जगभरच्या वेधशाळांच्या जाळ्यात लगेच पोहोचतात. या आकड्यांना मागे मागे नेत गेले, तर दोन वर्षांच्या त्या दुहेरी नोंदींवरून ते कुलाब्याला पोहोचतात, तेथून १८७२ च्या त्या उजळलेल्या रात्रीला आणि पुढे १८४६ पर्यंत. वाटेत कोठेही ते तुटत नाहीत.